ब्रेकवरच्या दोन कुंच्या

नागपूरला थंडी पडते, हे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पटवून देण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. त्यांच्या लेखी नागपूर म्हणजे बारा महिने मे. मी स्वेटर विणायला घेतला की ही मंडळी माझ्याकडे काळजीनं बघत. मी म्हणे, डिसेंबरात या. सकाळी ऊन पडायच्या आत माझी सायकल घ्या, महाल वस्तीतून निघून नंदनवनापर्यंत जा आणि पोचल्यावर सुईत दोरा ओवून दाखवा. आजवर कोणी आलं नाही. संत्री पाठवा म्हणून पत्रं मात्र येत.

मी मिडवाइफ होते. लोक 'नर्सबाई' म्हणत, म्हाताऱ्या नुसतं 'बाई' म्हणत आणि खात्याच्या कागदांवर मी 'सदरहू कर्मचारी' होते. खात्याचं नाव लिहीत नाही. पेन्शन चालू आहे. काम समजायला सोपं. गरोदर बाईच्या घरी महिन्यातून एकदा आणि दिवस भरत आले की दर आठवड्याला जायचं. पोट तपासायचं, पाय सुजलेत का बघायचं, नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे. बाळंतीण झाली की पहिले काही दिवस रोज. बाळाची नाळ, आईचा ताप आणि सासूचा सल्ला, या तिन्हींवर लक्ष ठेवायचं. यांतलं तिसरं सगळ्यात चिवट.

खात्यानं आम्हाला काळ्या लेडीज सायकली दिल्या होत्या. आजच्या मुलांना ब्रेक म्हटलं की तार आठवते. आमच्या ब्रेकला लोखंडी दांड्या होत्या, हँडलच्या मुठीखालून जाणाऱ्या, वर चकचकीत मुलामा दिलेल्या. उन्हाळ्यात त्यांचा चटका बसे आणि हिवाळ्यात त्या बोटांतली सगळी ऊब ओढून घेत. महालातल्या गल्ल्यांत ब्रेकवरची बोटं काढायची सोय नाही. एका वळणावर गाय, दुसऱ्या वळणावर उन्हाला बसलेले आजोबा आणि तिसऱ्या वळणावर न बघता रस्त्यावर बादली रिकामी करणाऱ्या काकू.

आता पोट तपासणं म्हणजे काय, ते थोडं सांगते. तळहात पोटावर ठेवून, बोटं हळूच दाबत बाळ कसं निजलंय ते ओळखायचं. डोकं कडक आणि गोल लागतं, दोन हातांत धरलं की बेलफळासारखं डुगडुगतं. बूड मऊ, ते डुगडुगत नाही. पाठ एका बाजूला फळीसारखी लागते. डोकं खाली असलं की निम्मी काळजी मिटली. हे सगळं बोटांच्या टोकांनी वाचायचं, आणि ब्रेकवर असतात ती नेमकी हीच बोटं. शिवाय गार हात लागला की बाई दचकते, पोट आवळून घट्ट होतं, आणि मग आत बाळ आहे की वरवंटा, काही कळत नाही.

बाळंतिणीच्या घरी हा प्रश्न नसे. तिथं खाटेखाली शेगडी असे, ओव्याची धुरी असे. हात शेकून कामाला लागावं. अडचण होती गरोदर बाईच्या घरची. तिथं विस्तव फक्त चुलीत, आणि दहा घरचं बघून आलेल्या नर्सला चुलीपाशी कोण घेणार?

नंदनवनात त्या काळी नाव सोडलं तर नंदनवन काही नव्हतं. अर्धवट बांधलेली घरं, गाडीवाटेसारखे रस्ते, मोकळं रान आणि त्यावरून सुसाट येणारा वारा. तिथं भागाबाईंचं घर होतं. मुलगा महादेव गिरणीत कामाला, आणि सून वेणू सात महिन्यांची पोटुशी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा भागाबाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काहून आली वं बाई?"

"वेणूला तपासायला."

मी वेणूच्या पोटावर हात ठेवला मात्र, ती "अवो माय!" करून उठून बसली. भागाबाईंनी माझं मनगट धरलं, माझा तळहात स्वतःच्या गालाला लावला आणि लगेच झिडकारला.

"हे हात हायेत का विहिरीतली बादली? गार हात लागला का लेकरू आतल्या आत पाठ फिरवते. पयल्या खेपेले अशीच एक गारठलेल्या हाताची सुईण आली होती. काय झालं ते मले ठाऊक हाय. तू जाय."

पहिल्या खेपेला काय झालं ते मलाही आमच्या आरोग्य केंद्रातल्या बायकांनी सांगितलं होतं. बाळ पोटात आडवं होतं आणि कोणाला ते कळलंच नव्हतं. कळा सुरू झाल्या आणि आधी बाळाचा हात बाहेर आला. बाळ गेलं. वेणू कशीबशी वाचली. गार हातानं बाळ आडवं होत नाही, हे मी भागाबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दवाखान्यात नेऊन दाखवा म्हटलं, तर "तिथं माणसं मरायले जातात." महादेवला विचारलं, तर "माय म्हणते तसं." तेव्हा माझ्यापुढचं काम सरळ होतं. दिवस भरायच्या आत वेणूच्या पोटाला माझा हात लागला, तर बाळ आडवं असल्यास तिला वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेता येणार होतं. नाही लागला, तर मागच्यासारखंच. आणि तो हात आधी भागाबाईंच्या गालावर पास व्हायला हवा होता. नर्सिंगच्या परीक्षेत मी पहिल्या वर्गात आले होते. या परीक्षेत लागोपाठ नापास होत होते.

उपाय कमी केले नाहीत. मोहरीचं तेल चोळलं, तर बोटं गरम झाली पण ब्रेकवरून घसरू लागली. एक हात काखेत आणि एक हँडलवर अशी चालवून बघितली. महालात एका हातानं सायकल चालवणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेनं बघतात, ती थंडीपेक्षा बोचते. उकडलेले बटाटे खिशात घेऊन निघाले. सक्करदऱ्यापर्यंत ते गार झाले, मग खाऊन टाकले.

केंद्रातली माझी सोबतीण सुमन हिनं लोकरीचे हातमोजे विणून दिले. सुमनची वीण तिच्या स्वभावासारखी, सैल आणि प्रेमळ. दुसऱ्याच दिवशी महालातल्या एका गल्लीत सार्वजनिक मुतारीचं उद्घाटन होतं. मला ते ठाऊक नव्हतं. वळण घेतलं तर समोर गल्लीभर फीत, फितीमागे पांढऱ्या टोपीतले पाहुणे, तबकात कात्री, बाजूला वाजंत्री. मी दोन्ही ब्रेक दाबले. हातमोजे दाबले गेले, ब्रेक तसेच राहिले. छातीवर फीत घेऊन मी पाहुण्यांच्या शेजारून पलीकडे गेले, आणि मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. फीत तुटली की टाळ्या वाजवायच्या इतकीच लोकांना सवय. ती कोणी तोडली हे बघायची पद्धत नाही. वाजंत्रीही सुरू झाली. पाहुणे कात्री हातात घेऊन विचारत होते, "आता मी काय कापू?" पुढे ती फीत गाठ मारून पुन्हा बांधली आणि पुन्हा कापली, असं ऐकलं. मुतारीचं दोनदा उद्घाटन झालेलं नागपुरातलं ते बहुधा एकच उदाहरण.

हातमोजे सुमनला परत दिले. तिच्या नवऱ्यानं ते झोपताना पायांत घातले.

उपाय शेवटी सापडला तो चुकून. महालात एका बाळंतिणीकडे गेले होते. तिच्या आजेसासूनं धुतलेल्या दोन कुंच्या वाळत घालायला जागा शोधली, आणि अंगणात ऊन फक्त माझ्या सायकलीवर पडलं होतं. तिनं एकेक कुंची एकेका मुठीवर चढवली. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं, पण मागं पाठभर सोगा असलेलं. या तर दुहेरी फ्लॅनेलच्या, गोंडे आणि टिकल्या लावलेल्या, एक लाल आणि एक हिरवी. मी बाहेर आले तोवर त्या वाळून तापल्या होत्या आणि मी घाईत होते. त्या काढून ठेवायचंही सुचलं नाही, हात आत घातले आणि निघाले. वळणावर ब्रेक दाबला, तर लागला. मूठ, ब्रेकची दांडी आणि माझा हात, तिघंही एका टोपड्यात. सोगा मागं कोपरापर्यंत. पुढच्या घरी पोचले तेव्हा बोटं अशी ऊबदार होती की मीच ती गालाला लावून बघितली.

दुसऱ्या दिवशी आजींना म्हटलं, "तुमच्या कुंच्या माझ्याकडे राहिल्या."

"राहू दे वं. घरात पोट्ट्यायची रांग हाय, कुंच्यायची काय कमी? सायकलीले बसतात का नीट?"

"मापात बसतात."

"मंग दिष्ट काढत जाय तिची."

मी कुंच्यांचे बंद हँडलखाली घट्ट बांधून टाकले. समोरून बघितलं की सायकलीनं जुळं कडेवर घेतल्यासारखं दिसे. रिक्षावाल्यांना तर सणच सापडला.

"ओ बाई, जुळ्याचा बाप कोठी गेला?"

"रिक्षा ओढून राहिला. तुले भेटला नाही का?"

दोन-तीन दिवसांत त्यांची हौस फिटली. आठवड्याभरात एका रिक्षावाल्यानं, घरी जुनी कुंची आहे पण ती आपल्या हँडलला पुरेल का, असं गंभीरपणे विचारलं.

मग भागाबाईंचं घर गाठलं. त्यांनी माझा हात गालाला लावला. बराच वेळ तसाच ठेवला. "हं," एवढंच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मी उंबरठा ओलांडते तोच त्यांची नजर माझ्या खांद्यावरून बाहेर गेली.

"रिकाम्या कुंच्या! पोटुशी बाईच्या दारात रिकाम्या कुंच्या!"

आमच्याकडे रिकामा पाळणा हलवत नाहीत. बाळ जन्मायच्या आधी त्याचं कापड शिवत नाहीत, आणून ठेवत नाहीत. हे मला ठाऊक होतं, पण सायकलीचे मोजे त्या नियमाखाली येतील हे सुचलं नव्हतं.

"रिकाम्या कुठं भागाबाई? माझे हात होते ना त्यांत."

"होते. आता हायेत का?"

मी पिशवीत हात घातला. दुपारच्या डब्याबरोबर दोन संत्री होती. बाहेर जाऊन एकेक संत्रं एकेका कुंचीत बसवलं. भागाबाई मागोमाग आल्या, वाकून दोन्ही संत्र्यांची तोंडं बघितली, हिरव्या कुंचीचा बंद सारखा केला.

"आता भरल्या. जाय, तपास."

अशा रीतीनं वेणूच्या पोटाला माझा हात लागला. बाळ तेव्हा लहान होतं, आत मजेत फिरत होतं. पुढच्या खेपेला मात्र डोकं एका कुशीला लागलं. बाळ अजून वळू शकत होतं, पण मला ते आवडलं नाही. मी भागाबाईंना सांगितलं, दिवस भरताना असंच असलं तर मोठा दवाखाना. त्या म्हणाल्या, "तवाची गोष्ट तवा पाहू." दर खेपेला परत निघताना कुंच्यांतली संत्री गायब झालेली असत. वस्तीतली पोट्टी माझी वाट बघू लागली होती.

इथं एक सांगितलं पाहिजे. सगळ्या वेणूंपर्यंत मी पोचले असं नाही. कुंच्या मिळायच्या आधी किती तरी पोटांवर माझ्या बधिर बोटांना काही कळलं नसेल. ती घरं आठवतात. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की पेन पुढे जात नाही, म्हणून पुन्हा भागाबाईंकडे वळते.

त्याच सुमारास आमच्याकडे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीचा कार्यक्रम करायची त्यांना हौस होती. केंद्रात नवा माठ आणला तर त्याला हार घालून पाहुण्याच्या हातून पहिला पेला भरवला होता. दिवस कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचे होते. कुटुंब लहान ठेवा म्हणून घरोघरी सांगायचं कामही आमच्याच गळ्यात होतं. अशात साहेबांनी माझी सायकल बघितली.

"हे काय?"

"कुंच्या, साहेब."

"ते दिसतंय. आपण लोकांना सांगतो पुरे करा, आणि आपल्याच सायकलीवर दोन-दोन बाळं? काढा आधी."

वेणूला नववा लागला होता. मी म्हटलं, "साहेब, हा प्रचारच आहे. हँडलाला मुठी दोन, म्हणून कुंच्या दोन. तिसऱ्याला जागाच नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. आपण जरुरीपेक्षा जास्त हुशारी केली, हे मला त्याच क्षणी कळलं.

समिती बसली. सगळ्या नर्सांच्या सायकलींना कुंच्या लावायच्या ठरलं. खात्यानं कुंच्या शिवून घेतल्या: पांढऱ्या सुती, एकेरी, कडक खळ केलेल्या, कपाळावर लाल त्रिकोण. शिंप्यानं बाळाच्या डोक्याचं माप घेतलं होतं, तेही बहुधा आठव्या महिन्यातच जन्मलेल्या बाळाचं. मी म्हटलं, "साहेब, यांत हात जात नाही."

"हात कशाला घालायचाय?" साहेब म्हणाले.

माझ्या लाल-हिरव्या कुंच्या 'मूळ नमुना' म्हणून साहेबांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात गेल्या. त्या मला परत मिळाल्या नाहीत.

मोहिमेच्या उद्घाटनाला प्रभातफेरी ठरली. सकाळच्या थंडीत केंद्रापुढे आम्ही सगळ्या नर्सा सायकली घेऊन उभ्या. मागं साहेबांची जीप. सभागृहात प्रमुख पाहुणे येणार, त्यांच्या सत्काराचं सामान जीपमध्ये. कल्पना माझी म्हणून आघाडीला मी. एवढ्यात महादेव धापा टाकत आला.

"बाई, वेणूची कंबर दुखून राहिली सकाळपासून. माय म्हणते दुखते तेवढं. पर मले भेव वाटते."

मी साहेबांकडे गेले. बाळ आडवं असू शकतं, मला आत्ता गेलं पाहिजे, म्हटलं.

"कार्यक्रम झाला की जा. तासाभरात ते काही उभं राहणार नाही," साहेब म्हणाले आणि भोंगा तोंडाला लावला. "सर्वांनी ऐका! कोणीही ओळ मोडायची नाही! पुढची सायकल जाईल तिच्या मागोमाग जायचं!"

हा हुकूम मी अक्षरशः पाळला. सक्करदऱ्यापाशी फेरी सरळ जायची होती. मी डावीकडे वळले. ओळ मी मोडली नाही. ओळ माझ्या मागोमाग आली. नर्सा "दोनच पुरेत!" म्हणून ओरडत होत्या, मागं जीपमधून साहेब "आघाडी चुकली! आघाडी!" म्हणून ओरडत होते, आणि रस्त्यावरच्या लोकांना तीही घोषणाच वाटत होती. नंदनवनातली पोट्टी शेवटच्या सायकलीमागं धावू लागली. अशा थाटात आम्ही भागाबाईंच्या दारात पोचलो.

भागाबाई बाहेर आल्या. त्यांच्या अंगणात, कुंपणाशी, गल्लीच्या तोंडापर्यंत सायकली, आणि प्रत्येकीवर दोन रिकाम्या कुंच्या.

"काय वं बाई हे! माह्या दारात कुंच्यायची जत्रा भरवली?"

"भागाबाई, ते मागून भांडू. वेणू कशी आहे?"

आतून वेणूचं कण्हणं ऐकू आलं. भागाबाईंनी सवयीनं माझा हात ओढून गालाला लावला आणि सोडला. "बर्फ हाय बर्फ!" खरंच होतं. खात्याच्या कुंचीत करंगळीसुद्धा धड जात नव्हती. तशा हातांनी आत गेले असते तरी पोटानं मला काही सांगितलं नसतं.

तेवढ्यात जीप आली. साहेब खाली उतरून काही बोलणार, तोच मी त्यांच्या बाजूनं गेले आणि जीपच्या पुढच्या पत्र्यावर दोन्ही तळहात पसरून ठेवले. इंजिन गरगरत होतं, पत्रा तव्यासारखा तापला होता. सरकारी वाहनाचा इतका चांगला उपयोग मी त्याआधी पाहिला नव्हता.

"हे काय चाललंय?" साहेब म्हणाले.

"हात तापवतेय साहेब."

भागाबाईंचं लक्ष सायकलींवर होतं. त्यांनी कंबर खोचली आणि समोरच्या सुमनला म्हणाल्या, "पायत काय राहिली वं? घाल हात त्यात! साऱ्या जणी घाला! एक कुंची रिकामी राहिली नाही पायजे!"

नर्सांना हुकूम पाळायची सवय असते. सगळ्यांनी जातील तितकी बोटं कुंच्यांत घातली आणि आपापल्या सायकली धरून उभ्या राहिल्या. राहिली माझी सायकल. भागाबाईंनी आजूबाजूला बघितलं.

"ओ साहेब, तुमी या इकडं. हे धरा."

"अहो बाई, मी—"

"तुमचे हात मोकळे हायेत ना? मंग? घाला."

साहेबांनी घातले. का घातले हे त्यांनाही सांगता आलं नसतं. भागाबाईंच्या आवाजात प्रमुख पाहुण्यांच्या वरचा कोणीतरी होता.

"आता बाई बाहेर येईस्तोर हात काढू नका."

माझे हात गालावर पास झाले. मी आत गेले.

वेणू भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिला उताणी वळवून मी पोटावर हात ठेवला. ती दचकली नाही. खाली, जिथं डोकं असायला हवं, तिथं पोकळी होती. डोकं डाव्या कुशीत, कडक, गोल, बोटांखाली डुगडुगणारं. दोन कळांच्या मधे मी पुन्हा बघितलं. नळी लावली. ठोके चांगले होते. वेणू माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आडवंच हाय ना?"

"हो."

"मागच्यावानीच?"

"मागच्यासारखंच आडवं. पण मागं दारात जीप नव्हती."

भागाबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या. आता दवाखान्याचं नाव काढलं की भांडण होणार, आणि भांडायला वेळ नव्हता. त्यांनी आत येऊन वेणूच्या कपाळावरचे केस सारले. मग म्हणाल्या, "तुहे हात गरम होते. म्या सोता पायले. गरम हाताले खोटं नाही कळत. चाल, उचल तिले."

महादेवनं आणि मी वेणूला जीपमध्ये मागं निजवलं. भागाबाई पुढे, साहेबांच्या जागेवर बसल्या. ड्रायव्हरनं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी नुसती मान हलवली, कारण हात मोकळे नव्हते. सीटवर सत्काराचं सामान होतं. हार मी बाजूला सारला, नारळ कुठेतरी पायांत घरंगळला, आणि काठापदराची भारी लोकरीची शाल वेणूच्या अंगावर टाकली. जीप निघाली तेव्हा मागं वळून पाहिलं. अंगणात नर्सांची ओळ आणि त्यांच्या टोकाला साहेब, कुंच्यांत हात घालून, जागच्या जागी.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी वेळ घालवला नाही. लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर बाकावर मी आणि भागाबाई. त्या दवाखान्याच्या भिंतीकडे अशा बघत होत्या, की भिंतीनं काही आगळीक केली तर तिचीही खैर नव्हती. महादेव फेऱ्या घालत होता. "बस गा एका जागी," त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्याही उठल्या आणि त्याच्याबरोबर फेऱ्या घालू लागल्या.

दुपारी आतून रडणं ऐकू आलं. रडणं कसलं, तक्रारच ती. मुलगी झाली होती. वेणू सुखरूप होती. नर्सनं बाळ बाहेर आणलं आणि विचारलं, "हिचं कापड कुठं आहे?"

कापड नव्हतं. आधी आणायचं नसतं. वेणूला आत नेताना काढून बाकावर ठेवलेली शाल भागाबाईंनी उचलली, चौपदरी केली आणि नातीला तीत गुंडाळून छातीशी धरलं. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

थोड्या वेळानं साहेब आले. माझ्या लेडीज सायकलवर बसून, सभागृहातून. पाहुणे वाट बघून निघून गेले होते. साहेबांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. जीपची चौकशी करून झाल्यावर ते खाकरले.

"सिस्टर, ते ठीक झालं सगळं. पण ती शाल... पाहुण्यांच्या घरी नेऊन द्यावी लागेल. हिशेबात धरलेली आहे."

मी भागाबाईंकडे बघितलं. त्यांनी बाळाला जरा उचलून साहेबांपुढे धरलं.

"घ्या ना साहेब. पर पोट्टीनं आत्ताच वल्ली केली."

साहेबांनी शालीकडे बघितलं. मग बाळाकडे. बाळानं एक डोळा उघडला, साहेबांना पाहिलं आणि मिटून घेतला.

"राहू द्या," साहेब म्हणाले.

माझ्या सबंध नोकरीत साहेबांनी समिती न नेमता घेतलेला मला ठाऊक असलेला हा एकच निर्णय. तोही ओली शाल बघून.